तिसरी खाच

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आईला सांगायचं राहून गेलं, असं लिहिणार होते — पण राहून गेलं नाही, मी टाळलं. आता ती नाही. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणूनच बहुधा तुम्हाला सांगवतंय. समोर बसला आहात असं समजते. मध्येच थांबले तर थांबू द्या.

गोष्ट एका पाटाची आहे. जेवायला बसतात त्या पाटाची नव्हे, पाय ठेवायच्या पाटाची. हसू येईल तुम्हाला. मलाही पहिल्यांदा हसूच आलं होतं.

रत्नागिरीत आमचं जुन्या कागदांचं कार्यालय आहे. जमिनीच्या नोंदी, वाटपं, खरेदीखतं — लोक नकला मागायला येतात. लोकांसाठी खिडकी केली तेव्हा बांधणाऱ्याने तिचा ओटा उभ्या माणसाच्या छातीला लागेल एवढा उंच केला. मग आतल्या माणसासाठी उंच खुर्ची मागवावी लागली. त्या खुर्चीवर बसायच्या प्रमिलाताई. उंची जेमतेम चार फूट आठ इंच. दिवसभर पाय लोंबकळत राहायचे आणि संध्याकाळी घोट्यांना अशी सूज यायची की चपलेचा पट्टा लागत नसे.

त्यांचा धाकटा भाऊ सदूभाऊ. मिरकरवाड्यात बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. बहिणीचे पाय बघून एका रविवारी तो कार्यालयात आला आणि खुर्चीच्या बैठकीखाली दोन उभ्या लोखंडी पट्ट्या बसवून गेला. प्रत्येक पट्टीत पाच खाचा, आणि त्या खाचांत अडकणारी फणसाची पिवळी फळी. फळी वर घ्यायची तर पायाने नुसती उचलायची — कट्, एक खाच वर. खाली घ्यायची तर मात्र वाकून बाजूचा खटका अंगठ्याने दाबून धरायला लागायचा. दाबल्याशिवाय ती खाली येणं शक्यच नव्हतं. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ताईंची खाच खालून तिसरी. सोमवारी सकाळी खुर्चीवर चढल्या, पाय टेकले आणि डोळे मिटून म्हणाल्या, "आता मरेपर्यंत बसेन हो मी इथे." सगळं कार्यालय त्या फळीला ताईंचा पाट म्हणायला लागलं.

आता ताईंची आठवण कशी होती ते सांगायला हवं. मागच्या खोलीत मांडण्यांवर लाल रुमालात बांधलेली दप्तरं — हजारांनी. माणूस खिडकीशी येऊन गावाचं आणि आजोबांचं नाव सांगायचा, आणि ताई जागेवरूनच सांगायच्या, सातवी मांडणी, वरून दुसरा कप्पा, डावीकडून चौथा रुमाल. कधी चुकल्या नाहीत. मी तिथे लागले ती संगणकाचा कोर्स करून. सगळ्या रुमालांची यादी मी वर्षभर खपून संगणकात घातली. आणि माझ्याकडे कोण येत होतं? कोणी नाही. लोक माझ्या टेबलाला वळसा घालून ताईंकडे जायचे. एकदा तर साहेबच सगळ्यांसमोर म्हणाले, "मेधा, तुझं यंत्र चालू होईस्तोवर ताई रुमाल काढून देतात." सगळे हसले. ताई हसल्या नाहीत, उलट म्हणाल्या, पोरीने मेहनत घेतलीय हो. त्यांनी माझी बाजू घेतली याचाच मला जास्त राग आला. असं का झालं? मला अजून नीट उमगलेलं नाही.

आम्ही डबा एकत्र खायचो. माझ्या डब्यात भाजी कमी असली तर त्या न विचारता वाढायच्या. तिथेच त्यांनी मला आईचं सांगितलं होतं. त्यांच्या आईला शेवटी विसरायला होत होतं — कुकरचं झाकण कपाटात ठेवायची, ताईंना मावशीच्या नावाने हाक मारायची. "मला मरणाची भीती नाही गो," ताई म्हणाल्या होत्या, "पण तसलं नको." म्हणजे मला माहीत होतं. हे मुद्दाम लिहिते आहे. सगळं माहीत असताना मी ते केलं.

पहिल्यांदा मात्र चुकून झालं. जेवणाच्या सुट्टीत ताई मागे हात धुवायला गेल्या होत्या. मोबाइलला रेंज फक्त खिडकीशी यायची, म्हणून मी त्यांच्या खुर्चीवर बसून नवऱ्याशी बोलले. मी उंच, गुडघे ओट्याला लागायला लागले, तर वाकून खटका दाबला आणि पाट खाली घेतला. उठताना परत वर घ्यायचा विसरले. एवढंच.

ताई आल्या, सवयीने चढल्या, पाय टेकायला गेल्या आणि तो हवेतच राहिला. तोल गेला, गुडघा ओट्यावर आपटला. "कोणी खाली केलंन गो हे?" त्यांनी मला विचारलं. मी नुसतं "मी" म्हटलं असतं तर संपलं असतं. पण त्यांच्या खुर्चीवर बसले होते हे कबूल करायला मला कमीपणा वाटला — जणू मी ती जागा मापून बघत होते. मी म्हटलं, "कोणी नाही बसलं ताई. तुम्हीच केला असेल."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "असेल हो."

आणि त्या दोन शब्दांच्या मध्ये मला काहीतरी दिसलं. कधीही न चुकणाऱ्या त्या बाईच्या तोंडावर भीती दिसली. आणि मला — कसं सांगू — मला बरं वाटलं. हेच ते. एवढी वर्षं जे गिळून बसले ते पाट खाली केल्याचं नाही. बरं वाटल्याचं आहे.

आठ दिवसांनी मी तो मुद्दाम खाली केला. पडलेलं पेन उचलायचं निमित्त, अंगठा खटक्यावर, फळीला दुसरा हात, म्हणजे आवाज होत नाही. एकच खाच. ताई आल्या, पाय टेकला, थबकल्या. या वेळी त्यांनी कोणाला विचारलं नाही. नुसतं खाली वाकून बघितलं आणि पायाने वर घेतला. कट्.

त्यानंतर कितीदा केलं? अकरा वेळा. त्या पावसाळ्यात सुरू केलं आणि दिवाळीपर्यंत अकरा वेळा. रोज करत नव्हते, हे माझं शहाणपण. रोज केलं असतं तर त्यांना दुसऱ्या कोणाचा संशय आला असता. मध्ये पंधरा दिवस जाऊ द्यायचे. त्या जरा सावरल्या, पुन्हा हसायला लागल्या की मग.

एकदा त्या खिडकीतून कागद देत होत्या तेव्हा मला त्यांचा तळहात दिसला. त्यावर निळ्या पेनने तीनचा आकडा काढलेला होता. जेवायला उठताना पाट बघायच्या, हातावर लिहायच्या, परत आल्यावर हात आणि खाच ताडून बघायच्या. मला ते कळलं. तुम्हाला वाटेल की तेव्हा तरी मी थांबले असेन. त्या दिवशी मी पाट खाली केला. त्या आल्या, हात बघितला, खाच बघितली, आणि पदराने तळहात पुसत बसल्या. बराच वेळ पुसत होत्या.

मग ते पाटापुरतं उरलं नाही. एक म्हातारे गृहस्थ नकलेसाठी आले. ताई मागे गेल्या, एका रुमालावर हात ठेवला आणि हात मागे घेतला. मला म्हणाल्या, "तुझ्या यादीत बघतेस का एकदा?" मी बघितलं. तोच रुमाल होता, हात ठेवला होता तोच. मी जागेवरूनच मांडणीचा आणि कप्प्याचा नंबर मोठ्याने वाचून दाखवला. तुमचं बरोबर होतं, एवढे तीन शब्द मी बोलले नाही. त्यानंतर ताई प्रत्येक वेळी विचारायला लागल्या. लोक माझ्या टेबलाशी उभे राहायला लागले. मला हवं होतं ते मिळालं, आणि मी ते घेतलं.

शेवटी ताईंनी सदूभाऊला बोलावलं. त्यांना एक आशा होती — खटकाच सैल झाला असेल, फळी आपोआप उतरत असेल. आता तुमच्या लक्षात येईल. सदूभाऊ दुपारी आला, हाताला डिझेलचा वास, आणि खुर्चीखाली चक्क आडवा झाला. स्प्रिंग काढली, पुसली, परत घातली. फळीवर उभा राहून नाचून बघितलं. ताई बाजूला उभ्या, दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरलेले. मी चहा आणून दिला. हो, चहा मी दिला त्याला. तो पॅन्टला हात पुसत उठला आणि अभिमानाने म्हणाला, "खटक्यात काय नाय ताई. माझ्या हातचा हाय, दाबल्याबिगर सुटायचा नाय."

बिचाऱ्याला वाटलं, बहिणीला बरं वाटेल. ताईंनी मान हलवली. "म्हणजे दाबलं कोणीतरी," त्या हळूच म्हणाल्या, आणि मग कोणाकडेही न बघता, "मीच."

मी तिथेच होते. चार हातांवर. चहाचा रिकामा कप माझ्या हातात होता.

त्यानंतर मी पाटाला हात लावला नाही. गरजही उरली नव्हती. ताई डॉक्टरांकडे जाऊन आल्या. ते म्हणाले, काही नाही, विश्रांती घ्या. ताईंनी ऐकलं नाही. आईलाही पहिल्यांदा डॉक्टर असंच बोलले होते म्हणे. सहा वर्षं नोकरी शिल्लक असताना त्यांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. साहेबांनी खूप समजावलं. त्या म्हणाल्या, माझ्या हातून कोणाचा कागद हरवण्याआधी जाते. निरोपाच्या दिवशी साडी आणि नारळ झाल्यावर मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "पाट तुला ठेवलाय गो. तुझे पाय लांब, सगळ्यात खाली घे."

खिडकी आता माझी आहे. बारा वर्षं मी त्या खुर्चीवर बसते. पाट तसाच आहे, फणसाची फळी पायांनी घासून काळपट झाली आहे. जेवणाच्या सुट्टीवरून परत आले की चढायच्या आधी मी वाकून खाच बघते, रोज. इतकी वर्षं मी एकाच गोष्टीची वाट बघते आहे — की एकदा, फक्त एकदा, ती फळी आपोआप खाली आलेली दिसावी. म्हणजे मला म्हणता येईल की अकरातली एखादी तरी माझी नव्हती. येत नाही. सदूभाऊने फार चांगलं काम केलंय. घरी भांडी लावतानासुद्धा कुठे कट् झालं की माझा हात थांबतो. नवरा विचारतो, काय झालं? मी म्हणते, काही नाही.

गेल्या वैशाखात राजापूरला एका लग्नाला गेले होते. ताई आता तिथे भाचीकडे असतात. न भेटताच परत फिरणार होते, पण भाचीने लग्नात ओळखलं आणि घरी नेलं. ताईंची तब्येत छान आहे. केस पांढरे झालेत, एवढंच. स्वयंपाकघरात प्रत्येक डब्यावर चिठ्ठी — मीठ, साखर, पोहे. गॅसच्या बटणाशी चिठ्ठी. भाची म्हणाली, मावशी स्वतः गॅस पेटवत नाहीत, कोणी सांगितलेलं नाही, त्यांनीच ठरवलंय. इतक्या वर्षांत कधी काही विसरल्या का, असं मी विचारलं. भाची म्हणाली, छे, आम्हा सगळ्यांचे वाढदिवस तोंडपाठ आहेत. पण ऐकत नाहीत.

आम्ही पडवीत बसलो. ताईंनी माझ्या सासूबाईंची विचारपूस केली, नावासकट. मग सहज म्हणाल्या, "तुझ्या आजोबांचं वाटपपत्र अकराव्या मांडणीला आहे ना गो? खालचा कप्पा, भिंतीकडचा रुमाल? तू नवीन लागलीस तेव्हा आपण बघितलेलं." आम्ही ते बघितल्याचं मी विसरले होते. परत आल्यावर पाहिलं, तिथेच होतं. "बरोबर ना?" त्या म्हणाल्या. "विचारून घेते हो. माझा काय भरवसा."

त्यांचे पाय जमिनीला टेकत नव्हते, म्हणून खुर्चीखाली एक वीट ठेवलेली होती, त्यावर पाय जोडून ठेवलेले. अंगणाकडे बघत म्हणाल्या, "मेधा, तू तेव्हा समोरच असायचीस. खरं सांग. तो पाट मीच खाली करायचे ना?"

पडवीत दुसरं कोणी नव्हतं. भाची आत सरबत करत होती. ताईंनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्या तोंडावर पुन्हा तीच आशा होती, खटका सैल निघावा म्हणून वाट बघणारी. वेळ होता. भरपूर वेळ होता.

मी म्हटलं, "हो ताई. तुम्हीच."

त्यांनी मान हलवली. मग भाचीने सरबत आणलं आणि आम्ही दोघी ते प्यायलो.