मामाजींची बैठक

माझ्या बायकोच्या मामांइतका चिवट बसणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात झाला नसेल. रोहण्याहून कामानं वर्ध्याला आले, की "पाच मिंटं बसतो न् जातो" म्हणत आमच्याकडे टेकायचे आणि कापसाच्या भावापासून भाच्यांच्या लग्नांपर्यंत सगळं निपटवूनच उठायचे. आमच्या वेताच्या खुर्चीला त्यांच्या मापाचा खळगा पडला होता. आष्टीच्या एका लग्नात मांडववाल्यानं सगळ्या खुर्च्या टेम्पोत भरल्या, एक राहिली. तीत मामाजी. "बोलणं तं पुरं होऊ दे राजा!" एकदा मी वैतागून कुलूप हातात घेऊन दारात उभा राहिलो, तर म्हणाले, "तुमी जा जावईबापू, मी आहो नं घरी."

म्हणून यंदा ते दारातच, उभ्यानं चहा पिऊन परतायला लागले, तेव्हा मी मनातल्या मनात पेढे वाटले. बायको मात्र अस्वस्थ. मोटारसायकल सोडून मामा एसटीनं येतात आणि रिकाम्या एसटीतही उभेच राहतात, हे तिनं ऐकलं होतं. तिनं दरडावून विचारलं, तेव्हा खाली मान घालून पुटपुटले, "बसलं का खुपते वं बाई."

दवाखान्यात कळलं, की कमरेच्या हाडांच्या तळाशी स्नायूंची झोळी असते, तिथं गाठ आहे. "ती गुदाशयाला आणि नसांना किती चिकटली आहे, हे पाहिल्याशिवाय मी सुरी लावणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फार चिकटली असेल, तर तो भागही काढावा लागेल. शौचासाठी पोटावर कायमची पिशवी येईल." पिशवीचं मामाजींनी काहीच विचारलं नाही.

"मले बसता येईन का?"

"आधी पाहू, मग सांगते."

जन्मभर बोलत आलेला माणूस एमआरआयच्या नळीत मुकाट पडून राहिला. बाहेर आल्यावर म्हणाले, "लय बोलते थे मशीन. मले चान्सच नाई देल्ला." मग तपासणीसाठी सुईनं गाठीचा तुकडा काढला.

निकालाच्या दिवशी डॉक्टरीणबाईंच्या खोलीबाहेर लांबलचक बाक रिकामा होता. मामाजी भिंतीला टेकून उभे, शेजारी मी.

"तुमी काऊन उभे, जावईबापू? बसा नं."

"राहू द्या, बरं वाटतंय."

आतून त्यांचं नाव पुकारलं. ते हलले नाहीत. पुन्हा पुकारलं.

"पाच मिंटं थांबू," ते हळूच म्हणाले, "मंग जाऊ."

या वेळी मी घड्याळाकडे पाहिलं नाही.