आधी कल्ले दाखवा

त्या दुपारी लेक मला जेवायला घेऊन गेली ती पैज जिंकायला. हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

ती अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कारखान्यात डिझाइनचं काम करते. त्यांच्या एका जपानी गिऱ्हाईक कंपनीने तिला तीन वर्षांसाठी तिकडे बोलावलं होतं आणि शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. तिच्या बाबांनी लगेच हो म्हटलं आणि ते चष्मा पुसत गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी नाही म्हटलं. "तिकरं लोक कच्चा म्हावरा खातात. उपाशी मरशील," एवढं एकच कारण दिलं आणि त्यालाच चिकटून बसले. आम्ही आगरी, मासा आमच्या घरात रोजचा. पण कच्चा मासा आमच्यात फक्त मांजर खातं.

लेक हट्टी आहे. कोणावर गेली ते विचारू नका. ती म्हणाली, "आई, तू हो म्हटल्याशिवाय मी जाणार नाही. पण एकदा माझ्यासोबत तेच खाऊन बघ. नाही आवडलं तर मॅटर क्लोज, मी त्यांना नाही कळवते."

"आवरला का नाय ते ठरवनार कोन?"

"तूच."

मला मनातल्या मनात हसू आलं. पोरगी इंजिनियर झाली, पण व्यवहारात अजून कच्चीच. ठरवणारी मीच असेन तर मी हरणार कशी?

इथे माझ्या जिभेबद्दल सांगायला हवं. माशाच्या बाबतीत ती फार कडक आहे. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, पण कुणाच्याही हातचा मासा मी चूक काढल्याशिवाय गिळलेला नाही. मीठ चढलंय, कोकमाचं आगळ कमी पडलंय, तळताना घाई केलीय, काहीतरी निघतंच. फारच जमून आला तर तोंडून दोन शब्द पडतात, "बरा हाय." त्याच्या वरचे मार्क माझ्याकडे नाहीत. शाळेत मी तीस वर्षं पोरांना शुद्ध मराठी शिकवली, पण हे दोन शब्द घरच्याच बोलीत येतात आणि न ठरवता येतात. लहानपणी लेक ते ऐकलं की जेवता जेवता टाळ्या वाजवायची. जावा-नणंदांनी त्यासाठी किती आटापिटा केलाय ते त्यांनाच ठाऊक.

सोमवार आणि गुरुवार मी पाळते, म्हणून बुधवार ठरला. अंबरनाथ पश्चिमेहून रिक्षा करून आम्ही उल्हासनगरच्या कॅम्प चारला उतरलो. हॉटेल पडदे-चादरींच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. खालचे दुकानदार शेठ "आओ आंटी, परदे देखो" म्हणाले तेव्हा मी आशेने थांबलेसुद्धा, पण लेकीने दंडाला धरून जिना चढवला.

वर गारेगार एसी. मेनूकार्ड उघडलं तर पनीर सुशी, शेजवान सुशी आणि खाली जैन सुशी. म्हटलं, हे जपानला कळलं तर काय वाटेल त्यांना. मी लगेच जैनवर बोट ठेवलं.

"आई, चीटिंग नाही करायची," लेक म्हणाली आणि मला सरळ काउंटरजवळच्या खुर्चीवर बसवलं. समोर आचारी उभा होता. पन्नाशीचा असेल, डोक्याला काळा रुमाल. हातात भात घेऊन लांबट गोळे वळत होता.

भात बघून मला बरं वाटलं, कारण पहिली चूक इथेच सापडली. भात पार चिकट. "भाताचा गिचका केलाय," मी लेकीच्या कानात म्हटलं. पण आचाऱ्याचे कान तिखट निघाले.

"मुद्दाम केलाय, मावशी," तो चक्क मराठीत म्हणाला. "नाहीतर गोळा बसत नाही."

तो मुरबाडकडचा निघाला. दरवेळी भाताला हात लावण्याआधी बोटं पाण्यात बुडवत होता. तांदळाची भाकरी थापताना मीही तसाच हात ओला करते, त्यामुळे नजर तिथून हलेना. हात सराईत होता, ते कबूल करायला हवं.

मग त्याने मासा काढला. केशरी रंगाची एक लादी. डोकं नाही, शेपूट नाही, काटा नाही.

"कल्ले दाखवा आधी," मी म्हणाले.

लेकीने कपाळावर हात मारला. पण मी आयुष्यात कल्ले उचलून लाल आहेत की नाही ते पाहिल्याशिवाय मासा घेतलेला नाही, आणि कोळणीनेही त्याचा कधी राग धरला नाही. आचारी म्हणाला, "मावशी, हा सॅमन. बर्फातून येतो. याचं डोकं तिकडेच राहतं."

"मंग बिनडोक माशावर भरवसा कसा ठेवायचा?"

शेजारच्या टेबलावरची कॉलेजची पोरं हसायला लागली. लेक मान खाली घालून बसली होती. तिचा चेहरा बघितला आणि मला एकदम वाईट वाटलं. तिला वाटत होतं, मी हे सगळं तिला अडवायला करतेय. खोटं नव्हतं ते. मला तिच्या जेवणाची काळजी कधीच नव्हती, ती वडापाववर महिना काढेल. मला भीती होती ती लेक गेल्यावरच्या घराची. दोघंच जण समोरासमोर बसून जेवणार, आणि मी काढलेल्या चुकांवर हसायला कुणी नसणार.

आचारी मात्र हसला नाही. तो आत गेला आणि एक अख्खा बांगडा घेऊन आला. अंगठ्याने कल्ला उचलून माझ्यासमोर धरला. आत लालभडक.

"सकाळचा आहे. याच्या जोडीचे दोन मीठ लावून, मग व्हिनेगरमध्ये ठेवलेत. मेनूत नाही, आपली माणसं घाबरतात. जपानी साहेब एमआयडीसीतून येतात ते हाच मागतात. खाणार?"

"जपानात बांगडा खातात?" मी विचारलं.

"आपल्यासारखाच, मावशी. मीठ लावून."

माझ्या आजोळी खाडीकडे मिठागरं होती. मीठ लावलेल्या माशाला मी नाही म्हणणार कशी? त्याने मुरलेल्या बांगड्याचे पातळ काप काढले, गोळ्यांवर ठेवले आणि थाळी आमच्या मध्ये सरकवली. लेकीने काड्या उचलल्या. मी हातानेच एक तोंडात टाकला. नाव ठेवायचं आधीच ठरवून ठेवलं होतं, वाक्य तयार होतं, वास येतो म्हणून.

वास नव्हता. आधी मीठ लागलं, मग जरा आंबट, मग बांगड्याची ती तेलकट गोडी, आणि खाली तो गिचका भात. मी चूक शोधत चावत राहिले. दुसरा तुकडा घेतला, त्यातही सापडेना. आचारी हात पुसत बघत होता. त्याने विचारलं, "कसा आहे?"

"बरा हाय."

बोलून गेल्यावर मला कळलं. लेकीच्या काड्या तशाच हातात राहिल्या. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. नुसती माझ्याकडे बघत राहिली, आणि तिचे डोळे भरून आले.

"आई, तू काय बोललीस?"

आता फिरवता आलं असतं. म्हटलं असतं, आचाऱ्याचं मन राखायला बोलले. पण माशाबद्दल मी कधी खोटं बोललेली नाही, आणि तेही तिला माहीत होतं. म्हणूनच तर तिने ठरवायला मला सांगितलं होतं. हिशेबात कच्ची मीच निघाले.

"आयकलास ना? मंग कलव त्यांना," मी म्हणाले.

मग आम्ही जेवलो. थाळीत एकच तुकडा उरला. आमच्या घरी शेवटचा तुकडा नेहमी लेकीचा. ती शाळेत जायला लागल्यापासून त्यावर दुसऱ्या कुणी हात टाकलेला नाही. तिने सवयीने काड्या पुढे केल्या. मी थाळी माझ्याकडे ओढली.

"तुला काय, तिकरं रोजच मिलंल," असं म्हणून तो मी खाल्ला.