दर दसऱ्याला नवी गाडी

ते प्रकरण मी अजून विसरलेलो नाही. गुन्हा फार मोठा होता म्हणून नव्हे. याहून मोठे गुन्हे मी हाताळले आणि त्यांतले बरेचसे आता धड आठवतही नाहीत. हे लक्षात राहिलं, कारण यात अख्खा तालुका वर्षानुवर्षं एका गाडीकडे पाहत होता आणि तरी ती गाडी कोणी पाहिली नव्हती. मीसुद्धा नाही.

निवृत्तीच्या थोडं आधी मी वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ठाणेदार होतो. सरकार आम्हाला पोलीस निरीक्षक म्हणतं, पण आमच्या भागात ठाणेदार म्हटल्याशिवाय माणसाला पोलिसांकडे आल्यासारखं वाटत नाही. दिवाळी होऊन गेली होती आणि कापूस वेचणी भरात होती. सिंदीच्या रस्त्यावर एका वळणावर, दुपार कलताना, एका आशाताईच्या स्कूटीला मोटारीने उडवलं आणि मोटार न थांबता निघून गेली. आशाताई म्हणजे गावोगावच्या गरोदर बायांना दवाखान्यात पोचवणारी आरोग्य स्वयंसेविका. आता तिलाच पोचवायची वेळ आली होती. पाय मोडला होता, डोक्याला मार होता. शुद्धीवर आल्यावर तिला धडकेचं काहीच आठवेना.

घटनास्थळाच्या पंचनाम्यात मोटारीच्या पुढच्या दिव्याचा एक तुकडा सापडला. नागपूरच्या विक्रेत्याने तो पाहताच सांगितलं की, हा त्यांच्या उंची सेडानचा आहे आणि याच वर्षीच्या मॉडेलचा आहे. आधीच्या एकाही मॉडेलला तो बसणार नाही.

आमच्या ठाण्यात देवळीकडची एक महिला शिपाई होती. तिला गाड्यांचं वेड होतं. या सेडानचे गेल्या काही वर्षांचे फोटो तिने मला मोबाइलवर ओळीने दाखवले. एका वर्षी पुढची जाळी रुंद झाली. पुढच्या वर्षी ती आणखी रुंद होऊन भाषणाला उभ्या राहिलेल्या मंत्र्याच्या तोंडासारखी दिसू लागली. मग समोरचे दिवे बारीक झाले, जणू गाडीला लांबचं दिसेनासं झालं होतं. या वर्षी मागे डावीकडून उजवीकडे एक सलग लाल पट्टी आली.

"आणि आत?" मी विचारलं.

"इंजिन तेच, सर. सीटं तीच. किंमत वाढते."

"म्हणजे बढतीसारखंच," मी म्हणालो. ती हसली नाही. तिची बढती रखडली होती.

यंदाचं हे मॉडेल आमच्या भागात एकाच नावावर नोंदलेलं निघालं. ते नाव गावातल्या प्रसूतितज्ज्ञ डॉक्टरबाईंचं होतं. त्याच दिवशी ठाण्यात एक फोनही आला. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही. "ठाणेदार साहेब, डॉक्टरीणबाईच्या गाडीचा समोरचा लाइट कुठं गेला, थे विचारा," एवढंच बोलून त्याने फोन ठेवला.

डॉक्टरबाईंचे वडील रेल्वेत गँगमन होते. सिंदीच्या रुळांवर घण मारून त्यांनी मुलीला शिकवलं होतं. चौदा एप्रिलला तिने गाडी आणली, वडिलांना शेजारी बसवलं आणि थेट दीक्षाभूमीला नेलं. तेव्हा गावात पेढे वाटले गेले नव्हते. मात्र एवढा पैसा आला कुठून, याचा हिशेब पुष्कळ लोकांनी परस्पर मांडून ठेवला होता.

मी त्यांचा जबाब घ्यायला दवाखान्यात गेलो.

"दिवा फुटला होता," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी नागपूरहून येताना रानडुक्कर आडवं आलं. दुसऱ्या दिवशी गाडी नागपूरला दुरुस्तीला दिली."

"कोणी पाहिलं?"

"डुकराने."

मोबाइलचं लोकेशन त्याच रस्त्याचं होतं. दुरुस्तीवाल्याने बंपर रंगवून टाकला होता आणि फुटलेला दिवा भंगारात गेला होता. सगळं इतकं नीट जुळत होतं की एखाद्या अधिकाऱ्याने त्याच संध्याकाळी पत्रकार परिषद घेतली असती. मी गाडी ताब्यात घेतली. अटक मात्र केली नाही.

निघताना त्यांनी मला थांबवलं. "सर, हीच गाडी दुसऱ्या कोणाची असती, तर गावाने ती एवढ्या लवकर ओळखली असती का?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते जबाबात लिहिण्यासारखं नव्हतं.

गावाने आपला निकाल देऊन टाकला. दवाखान्याच्या बाहेरची बाकं रिकामी पडली. ज्या डॉक्टरने आशाताईला उडवलं, तिच्या हातात आपल्या सुना कशा द्यायच्या, असं लोक उघड बोलू लागले. गरोदर बाया बसने वर्ध्याला जाऊ लागल्या. डॉक्टरबाईंचे वडील रोज सकाळी ठाण्याच्या बाकावर येऊन बसत. तक्रार करत नसत, नुसते बसत. एकदा मीच त्यांना आत बोलावून चहा दिला.

"बाबा, रोज कशाला येता?"

"घरी बसून काय करू? पोरगी दवाखाना बंद करून नागपूरले जातो म्हणून राह्यली. मी म्हनलं, थांब थोडी. साहेब पाहून राह्यले." त्यांनी चहा बशीत ओतला. "तुमी पाहून राह्यले न, साहेब?"

मी पाहत होतो, पण तोपर्यंत मला दिसत काहीच नव्हतं.

एक साक्षीदार होती. वळणाजवळच्या शेतात कापूस वेचणारी बाई. तिचा जबाब आम्ही पहिल्याच दिवशी घेतला होता, पण तो दिव्याच्या तुकड्याशी जुळत नव्हता, म्हणून बाजूला पडला होता. मी शिपाईबाईला घेऊन पुन्हा शेतात गेलो.

"मांगून पाह्यली मी, साहेब. दोन लाल दिवे. एक इकडं, एक तिकडं. मंधात काईच नाई."

"समोरून नाही पाहिली?"

"समोरून पाह्यली असती, तं तुमाले सांगाले मी राह्यली असती काय?"

शिपाईबाईने तिला सगळ्या मॉडेलांचे पाठीमागचे फोटो दाखवले. तिने चार वर्षांपूर्वीच्या गाडीवर बोट ठेवलं. आम्ही फोटो उलटसुलट करून पुन्हा दाखवले. बोट पुन्हा तिथेच. मग तिला आमच्याकडे उभी असलेली डॉक्टरबाईंची गाडी मागून दाखवली. "हे कुठली?" ती म्हणाली. "हिले तं कमरपट्टा हाय."

म्हणजे दिव्याचा तुकडा या वर्षीचा आणि पाठ चार वर्षांपूर्वीची. दोन्ही पुरावे खरे मानले तर तशी गाडी कंपनीने कधी बनवलेलीच नव्हती.

त्याच सुमारास भाऊ ठाण्यात आले. भाऊ म्हणजे गावचे पुढारी. ते कोणत्या तरी पदाचे माजी होते, कोणत्या ते स्वतःही ऐकणारा पाहून सांगत. त्यांची एक प्रथा तालुक्यात प्रसिद्ध होती. दर दसऱ्याला त्यांच्या दारात या सेडानचं नवं मॉडेल उभं राही. झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, फटाके, आणि गावभर पेढे. गाडीचा आकर्षक नंबर दरवर्षी तोच. भाऊ पैसे भरून तो नव्या गाडीवर घेतात, असं लोक कौतुकाने सांगत. ठाण्यात पेढ्यांचा पुडा न चुकता येई.

"ठाणेदार साहेब," भाऊ म्हणाले, "डॉक्टरीनले अजून अटक काऊन नाई? गरिबाची बाई हाय थे आशाताई. लोकं चिडून राह्यले. मोर्चा निघंन."

"तपास चालू आहे, भाऊ."

त्यांना पोचवायला मी दारापर्यंत गेलो. बाहेर त्यांची जुनी, मागे ताडपत्री लावलेली जीप उभी होती. समोरच्या पानठेल्यावर जायलाही सेडान काढणारा माणूस जीपमध्ये चढत होता.

"गाडी कुठे?"

"नागपूरले गेली, सर्व्हिसिंगले. आन् आता जरा साधं राहाचं ठरवलं, साहेब. जमाना पाहून चालाव लागते."

अनेक वर्षांच्या नोकरीत मी एक पाहिलं आहे. श्रीमंत माणूस गरीब होऊ शकतो, गुन्हेगार सुधारू शकतो, पण मोठेपणाची चटक लागलेला माणूस आपण होऊन साधा होत नाही. मी आत आलो आणि शिपाईबाईला विचारलं, "भाऊंची गाडी तू कधी मागून पाहिली आहेस?"

ती विचारात पडली. "नाही, सर. ती नेहमी भिंतीला पाठ लावून उभी असते. फोटोही सगळे समोरूनच."

मग मी परिवहन कार्यालयाला भाऊंच्या गाडीचा नंबर विचारला. काम चहा निवेपर्यंतचं होतं. आजवर कोणी केलं नव्हतं, कारण जे सगळ्यांना माहीत असतं ते कोणी तपासत नाही. त्या नंबरवर एकच गाडी होती, चार वर्षांपूर्वीची. नंबर कधी दुसऱ्या गाडीवर गेलाच नव्हता. यंदाच्या मॉडेलच्या नोंदीत भाऊंचं नाव नव्हतं, हेही तोवर आमच्या कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

भाऊंना जबाबासाठी बोलावलं. खुर्ची दिली, चहा दिला.

"भाऊ, एक साक्षीदार मिळाली आहे. ती म्हणते, पळालेली गाडी जुन्या मॉडेलची होती."

भाऊ खुर्चीत ऐसपैस झाले. "मंग माहा काय संबंध? माही गाडी तं याच सालची हाय. अख्ख्या गावानं पेढे खाल्ले."

"मीही खाल्ले." मी दिव्याचा तुकडा टेबलावर ठेवला. "हा घटनास्थळी मिळाला. याच सालचा आहे. म्हणजे तुमच्या गाडीला बसेल?"

त्यांचा हात कपावर थांबला. "नाई, नाई. म्हनजे... कागदावर गाडी जुनीच हाय न, साहेब."

"मग पेढे कशाचे होते?"

भाऊंनी कप खाली ठेवला.

"भाऊ, आम्हाला जी गाडी हवी आहे तिचं तोंड यंदाचं आहे आणि पाठ चार वर्षांपूर्वीची. अशी गाडी कंपनी काढत नाही. कोण काढतं, तेवढं सांगा."

भाऊंनी उठून दार लोटलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "साहेब, गुन्हा लिवा. मीच चालवत होतो. पन गाडी किती सालची, हे लिवाच लागते काय?"

मी सांगितलं की लिहावंच लागतं. जखमी बाईचा विषय निघाला तेव्हाही त्यांचा चेहरा एवढा पडला नव्हता.

मला कुतूहल होतं. "मागची बाजू का नाही बदलली?"

"लोकं समोरूनच पाह्यतेत, साहेब. हारही समोरूनच घालतेत."

गाडी त्यांच्या भाच्याच्या गोदामात कापसाच्या गाठींमागे मिळाली. दर दसऱ्याआधी तिथेच भाचा जुन्या गाडीला नवी जाळी आणि नवे दिवे बसवून देई. जाळी उतरवलेली होती आणि चेसिसच्या कडेला स्कूटीचा निळा रंग लागलेला होता. तो निनावी फोनही भाच्याचाच. नवा दिवा आणायला तो नागपूरला गेला, तेव्हा त्याला तिथे दुरुस्तीला आलेली, दिवा फुटलेली डॉक्टरबाईंची गाडी दिसली होती. नशिबाने साथ दिली असं त्याला वाटलं असणार.

आम्ही प्रसिद्धिपत्रक काढलं, डॉक्टरबाईंचं नाव स्वच्छ केलं. मला वाटलं, संपलं. पण गैरसमज करून घ्यायला गाव मिनिट लावत नाही आणि तो मागे घेताना मात्र मुहूर्त शोधतं. बाकं रिकामीच राहिली. "कायतरी असंनच," असं म्हणणारे होतेच. डॉक्टरबाईंनी नागपूरला जागा पाहून ठेवली होती.

त्यांची गाडी परत द्यायला मी स्वतः गेलो. दवाखान्याच्या आवाराबाहेरच्या चहाच्या टपरीवर नेहमीचे लोक होते. तेवढ्यात एक ऑटो थांबला आणि त्यातून कुबडी टेकत आशाताई उतरली. तिच्यामागे आठव्या महिन्यातली एक बाई आणि तिची सासू. सासू फाटकातच अडली.

"इथंच काऊन आनलं आमाले? वर्ध्याले जाऊ न."

"काऊन जाऊ?" आशाताईचा आवाज टपरीपर्यंत पोचेल असाच होता. "धडक मले लागली का तुमाले? मी येऊन राह्यली, अन् तुमाले भेव वाटून राह्यलं?"

सासूने चपला काढल्या. डॉक्टरबाईंचे वडील दारातून उठले आणि कोपऱ्यातलं बाक ओढून पंख्याखाली आणलं.

पोलीस माणसाला कागदावर निर्दोष करू शकतो. लोकांच्या मनात त्याला निर्दोष करायला आमच्याकडे कलम नाही. ते काम दुसऱ्याच कोणाला तरी, तेही बहुधा जखमी माणसाला, पायी चालत येऊन करावं लागतं. एवढ्या वर्षांच्या नोकरीनंतर हे मला त्या फाटकात उभं राहून कळलं. थोडं उशिरा, पण निवृत्तीच्या आत.

आशाताई बाकावर बसली, कुबडी भिंतीला लावली आणि आतल्या दाराकडे पाहत म्हणाली, "मॅडम, बीपी वाढलेलं हाय हिचं. अन् उद्या अजून दोघी आनतो. कुठं जाजो नोको."

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "पाठवा आत," डॉक्टरबाई म्हणाल्या.