पाणी टाकू का, दादा?

आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन परभणीला करायचं ठरलं, तेव्हा तिच्याबरोबर दादाही सोनपेठहून माझ्याकडे आला. दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, सेहेचाळीस वर्षांचा. त्याला बोलता येत नाही, धरल्याशिवाय उभं राहता येत नाही, घास भरवावा लागतो. मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते. 'व्यक्ती कुणाला म्हणावं?' हा धडा त्याच आठवड्यात आला होता. जो विचार करतो, स्वतःचे निर्णय घेतो, तो. फळ्यावर हे लिहिताना घरी कोण बसलंय ते आठवायचं, आणि मी घाईने पुढचा मुद्दा घ्यायचे.

वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी आईला बजावलं. दादाचं सगळं माझ्याकडे आलं. पहिल्या सकाळी डोळ्याला हिरवी पट्टी लावून आई न्हाणीच्या दारात खुर्चीवर बसली.

"त्याला इचार आधी."

"काय विचारू?"

"पाणी टाकू का म्हनाव. इचारल्याबिगर हात लावायचा न्हाई."

"आई, त्याला काय कळतंय?"

"न कळू दे. तुला तर कळतंय ना, आपण कुणाला आंघोळ घालायलोत ते."

मग आई दारातून ऐकत असायची म्हणून मी रोज विचारायचे, हजेरी घेतल्यासारखं.

पाचव्या दिवशी माझे यजमान आईला डोळे तपासायला घेऊन गेले. मला तासाला उशीर झाला होता. मी काही न बोलता दादाच्या डोक्यावर तांब्या ओतला. त्याचं अंग ताठ झालं. हनुवटी छातीत गेली आणि घशातून असा आवाज निघाला की माझ्या हातातला तांब्या पडला. मी ओल्या फरशीवरच बसले.

"चुकलं दादा माझं."

त्याचा हात मी बादलीतल्या पाण्यात धरला. "पाणी टाकू का?" विचारलं आणि थांबले. बराच वेळ काही झालं नाही. मग त्याची बोटं हळूहळू सैल झाली. तो होकार होता का, मला ठाऊक नाही. अंगावर अचानक पाणी पडलं तर वासरूही दचकतं. पण तेवढा वेळ मी त्याच्या तोंडाकडे बघत होते, आणि त्याच्या भुवया पिकल्यात हे मला त्या दिवशी कळलं. त्याने ओलं डोकं माझ्या खांद्यावर टाकलं. तास बुडाला.

संध्याकाळी आईला सांगितलं. ती रागावली नाही.

"तू दोन महिन्याची होतीस," ती म्हणाली. "तू रडायलीस म्हणून घाईघाईनं त्याच्या तोंडात घास कोंबला मी. ठसका लागून निळं पडलं लेकरू. तवापासून इचारते. त्याच्यासाठी कमी, माझा हात थांबावा म्हणून जास्त."

चाळीस वर्षांत हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. मी तिचा हात धरून बसले. वर्गात मी शिकवत होते त्या व्याख्येत दुसऱ्यासाठी असा हात थांबवणारं कुणी नव्हतं.

पंधरा दिवस झाल्यावर मी म्हटलं, "तुझा डोळा नीट होईपर्यंत दादा माझ्याकडंच राहू दे." आईने दोन दिवस घेतले, मग हो म्हणाली. त्याला घरी यजमानांजवळ ठेवून मी तिला स्टँडवर सोडायला गेले. त्याच्याशिवाय ती पहिल्यांदाच घरी निघाली होती. गाडी हलेपर्यंत खिडकीतून सांगत राहिली, "भाकर दुधात चांगली भिजू दी. कुशीवर निजला की पाठीला उशी लाव. लय गार पाणी घेऊ नको, माय."

तिच्या डोळ्यात औषधाचे थेंब कधी टाकायचे ते सांगायचं मीच विसरले. घरी येऊन फोन केला.