माझी आरती आणि बबनची सीडी

गणपती बसले की किस्से जमतात, आणि विसर्जन झालं तरी ते काही पाण्यात जात नाहीत. मखराचा उरलेला थर्माकोल जसा माळ्यावर पडून राहतो, तसे हे माझ्या डोक्यात पडून आहेत. आज थोडे खाली काढतो.

मी भातकुलीत कपडे शिवतो, म्हणून सगळे मला मास्तर म्हणतात. पण माझी खरी ओळख गल्लीच्या गणपतीपुढची! आरती सुरू करायचा मान माझा. मी पहिला शब्द उचलल्याशिवाय पुजारी ताट फिरवत नसत, आणि मागून सगळी गल्ली माझ्या आवाजात आवाज मिसळायची. माझी आरती एसटी स्टँडवर ऐकू येते, असं कंडक्टर सांगायचे. म्हणजे एक कंडक्टर. तोही एकदाच. पण सांगितलं होतं!

मग लागोपाठ दोन वर्षं कपाशीचं पीक गेलं आणि वर्गणी आटली. मंडळाने आधी बँड बंद केला, मग भजनी मंडळ बंद केलं. तिथवर मला पटलं. पण एका संध्याकाळी मोबाईलचं दुकान चालवणारा बबन आरतीची सीडी घेऊन आला.

"काका, आता तुमाले तरास नाही. बटन दाबलं का आरती सुरू!"

माझा आवाज तर फुकट होता हो! तो कशाला बंद केला? मी जळलो, सरळ सांगतो. सीडीतल्या त्या गायकाला मागे तबला, पेटी, बासरी. मला मागे आयुष्यभर शिलाई मशीनची खडखड.

*

देव असतो, हे मला तिसऱ्या दिवशी पटलं. सीडी दुसऱ्या कडव्यात अडकली! एकच ओळ पुन्हा, पुन्हा, पुन्हा. पण आरती मध्येच थांबवायची कुणी? पाप लागलं तर? पुजारी ताट फिरवत राहिले, लोक टाळ्या वाजवत राहिले. पुढच्या म्हाताऱ्यांचे हात दुखायला लागले, तरी कुणी थांबेना. मी मागे उभा राहून इतक्या आनंदाने टाळ्या वाजवत होतो की विचारू नका.

शेवटी पुजारीच घामाघूम होऊन ओरडले, "अरे बबन्या, पुढं ढकल नं त्याले! कापूर विझला!"

*

पुढच्या वर्षी सीडी गेली आणि मोबाईल आला. सेक्रेटरी देविदासभाऊंचा फोन वायरने स्पीकरला जोडला. आरती रंगात आली आणि फोन वाजला. देविदासभाऊंनी घाईत भलतंच बटण दाबलं. साऱ्या गल्लीत त्यांच्या बायकोचा आवाज घुमला, "आवं, कुटं हायेत तुमी? येतांनी दही आना! अन् काल आनलं तसं आंबट नोका आनू!"

दुसऱ्या दिवशी गणपतीपुढे नैवेद्याला चार घरांतून दही आलं.

*

मंडळात हरलो तरी घर होतं. घरच्या गणपतीची आरती माझीच! तर एक दिवस दुकानातून घरी आलो, आणि दारातच त्या सीडीवाल्याचा आवाज. बायकोने बबनकडून आरती मोबाईलमध्ये भरून घेतली होती.

"घरीसुदिक?" मी म्हणालो.

"तुमी कवा येता दुकानातून? गनपती काय तुमची वाट पाहत बसते?" आणि वर, "किती गोड म्हणते बाप्पा तो!"

त्या रात्री मी जेवलो नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

*

मंडपाचं सामान आणि स्पीकर सलीमभाईंचे. माझं दुःख त्यांनाच सांगितलं. स्पीकर त्यांचाच, म्हणून थोडं रागावूनच सांगितलं.

"मास्टर," ते म्हणाले, "आमच्या मोहल्ल्यात रमजानमध्ये पहाटे सहरीच्या जेवनाले उठवाले एक चाचा फिरत. डफ वाजवत, घराघरापुढं नाव घेऊन हाका मारत. मोबाईलमध्ये अलार्म आले, चाचाले कोनी विचारेना."

"मग? काय करतात आता चाचा?"

"झोपतात! मागच्या रमजानमध्ये त्यांचीच सहरी चुकली. आता नातू त्यायच्या उशाशी अलार्म लावते."

*

शेवटी बबनला माझी दया आली असावी. म्हणाला, "काका, कायले नाराज होता? तुमचीच आरती रेकॉर्ड करू!"

सलीमभाईंच्या गोदामात रेकॉर्डिंग झालं. बबनने त्यात तबला टाकला, आवाजाला घुमारा दिला. पहिल्या दिवशी नवा सदरा घालून मी मंडपात उभा राहिलो, हात जोडून आणि ओठ घट्ट मिटून. म्हणजे लोकांना कळावं की हे आधीच रेकॉर्ड झालेलं आहे! लोक वळून वळून बघत होते.

दुसऱ्या दिवशी कुणी वळलं नाही. मला राहवेना, मीही सोबत म्हणायला लागलो. पण स्पीकरमधला तो माझ्या पुढे पळायला लागला! त्याला श्वास घ्यायला नको. मी धापा टाकत मागे. देविदासभाऊ माझ्या कानाशी वाकले.

"मास्तर, हळू म्हणा नं. तुमचा आवाज ऐकू येऊन नाही राहिला!"

*

वर्षं गेली. मला दम्याने धरलं, आवाज फाटला. स्पीकरमधला तो मात्र जसाच्या तसा. पोरीबाळी म्हणायच्या, काय आवाज होता नं मास्तरांचा! 'होता' म्हणायच्या, मी समोर बसलेलो असताना. आयुष्यात मी पुष्कळांवर जळलो, पण त्याच्यावर जळलो तेवढा कुणावर नाही. एकदा तरी गल्लीने पुन्हा माझ्यामागून म्हणावं, एवढंच मनात होतं.

आणि परवाच्या विसर्जनाच्या आरतीला लाईट गेली! सलीमभाईंचं जनरेटर दोनदा खोकलं आणि बंद पडलं. पुजारी पेटलेलं ताट हातात धरून इकडेतिकडे बघायला लागले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांनी!

मी उठलो, घसा खाकरला, पहिला शब्द उचलला. आवाज थरथरला, पण निघाला. ताट फिरायला लागलं. चारदोन टाळ्या पडल्या. मागून एक बाई माझ्याबरोबर म्हणायलाही लागली. मी डोळे मिटले आणि दुसऱ्या कडव्याला हात घातला.

तेवढ्यात खांद्यावर हात पडला. बबन होता. किती मायेनं बोलला!

"बसा काका, कायले तरास घेता? फोन आला आत्ता, लाईट येऊन राहिली. मंग ओरिजनल लावतो."