चौथा सिंह

सव्वीस जानेवारी दोन दिवसांवर आली की आमच्या तहसील कचेरीत चिंच भिजत पडते. शिपाई सखारामभाऊ तिने साहेबांच्या टेबलावरची पितळी राजमुद्रा घासतात. परवा मी दाखल्यासाठी ताटकळत बसले होते, आणि समोरचे तीन सिंह देवघरातल्या समईसारखे लखलखत होते.

मग भाऊंनी मुद्रा फिरवली. मागून नुसती पोकळ! त्या पोकळीत साहेबांची सुपारीची पुडी होती.

“आणि चौथा सिंह?” मी विचारलं.

“मागून कोण बघतंय, ताई?”

ज्यांनी मूळ दगड घडवला त्यांनी चारही सिंह सारख्याच निगुतीनं कोरले. खांब उघड्यावर उभा, माणूस कुठूनही येईल, एवढी साधी लाज त्यांना होती. आमची लाज पितळेच्या पत्र्याएवढी पातळ.

तेवढ्यात एक म्हातारी पुढे सरकली. साहेबांनी मान वर केली नाही. “आजी, हयातीचा दाखला कुठाय?”

“आरं लेकरा, ही काय उभी हाय की तुज्यापुढं!”

“नुसतं उभं राहून चालत नाही. कागद लागतो.”

सिंहांच्या पायाशी ‘सत्यमेव जयते’ चिंचेनं नुकतंच उजळलं होतं.

भाऊंनी मुद्रा जागेवर ठेवली. तीन सिंह आम्हा लोकांवर डोळे वटारून बसले. साहेबांकडे तोंड असलेला तेवढा घडवायचा राहिला. बरंच झालं म्हणा, नाहीतर सुपारी कुठे ठेवली असती?