दिवाळी ते होळीचा स्वेटर

“व्हय, मीच येडी! पोरीला तरास व्हावा म्हणून विणते की मी!” असं म्हणत सोजरबाईंनी नातीच्या डोक्यातून लोकरीचा स्वेटर खाली ओढला. पाच वर्षांच्या अक्षताचं नाक गळ्याशी अडकलं.

“आत्या, तिच्या पाठीवर घामोळ्या आल्यात. डिसेंबरात!” सून ऋतुजा बिनबाह्यांचा सुती झगा हातात धरून उभी होती. “पहाटे जरा गार असतं, नऊला ऊन चटका देतं. मी तिला वरून पातळ जाकीट घालते, शाळेत गेल्यावर काढेल ती.”

“घामोळ्या न्हाईत त्या. तुझ्या वासाच्या साबणानं उठल्यात.”

सोजरबाईंचा मुलगा आदिनाथ चिंचोळीच्या कारखान्यात पहिल्या पाळीला निघाला होता. “दुपारपर्यंतचा तर प्रश्न आहे,” तो पुटपुटला.

“तू गप बस,” आई म्हणाली. तो डबा घेऊन गेला. स्वेटर अंगातच राहिला.

नियम जुना होता, गावाकडचा, जेऊरचा. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला पोराच्या अंगात स्वेटर चढायचा, तो होळी पेटल्यावरच उतरायचा. तेव्हा थंडीही तशी होती. पहाटे रानात निघालेल्या बायका तोंडातून वाफा सोडून एकमेकींना हसवायच्या. स्टेशनबाहेरचा चहावाला चुलीपाशी हात शेकू द्यायचा. लोकर विकत कोण आणतं? जुना स्वेटर उसवायचा, त्याचाच नवा विणायचा. आदिनाथचा पहिला स्वेटर तीन रंगांचा होता, आणि तो घालून पोर पाखरागत दिसायचं. तो तीन वर्षांचा असताना एकदा संक्रांतीच्या सुमारास स्वेटर धुऊन वाळत घातला आणि सोजरबाईंनी त्याला तसंच रानात नेलं. छाती भरली. आठ दिवस करमाळ्याच्या दवाखान्यात त्या त्याचा श्वास मोजत बसल्या. त्यानंतर नियमात कधी खाडा झाला नाही.

त्या दुपारी अक्षताला शाळेतून आणायला सोजरबाई गेल्या. फाटकातून पोरं अर्ध्या बाह्यांत उड्या मारत येत होती. अक्षता सगळ्यांच्या मागून आली, लालबुंद, मान खाजवत.

“अगं, काढायचा न्हाई का?”

“तू ओरडशील की.”

सोजरबाईंनी मानेमागून आत हात घातला. शर्ट पिळून काढावा इतका ओला. तिथंच, रस्त्याच्या कडेला, त्यांनी स्वेटर उतरवला. पाठभर लाल दाणे होते, काही खाजवून फुटलेले. साबणाचं नाव घ्यायला जागा नव्हती. रिक्षात त्या घरापर्यंत तिच्या पाठीवर पदरानं वारा घालत राहिल्या.

संध्याकाळी चहाला तिघंही होते. ऋतुजानं पोरीची पाठ पाहून ती गार पाण्यानं पुसून काढली होती.

“आदिनाथ, तूबी ऐक,” कप खाली ठेवत सोजरबाई म्हणाल्या. “उद्यापासनं पोरीच्या अंगात काय घालायचं ते तिची आई ठरवंल. मी मधी बोलणार न्हाय.”